भिंतीवरची दुसरी नान

समरकंद,
१२ नोव्हेंबर २०११

प्रिय इल्होम अका,

सलाम. तू खुशाल असशील, अंगावर गरम कपडे असतील, जेवण वेळेवर होत असेल असं धरून चालते. तसं नसलं तरी तू काही कळवणार नाहीस. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बीबी नातवंडांवर चिडत नाही तो दिवस वाया गेला असं मानते, आणि तू नसल्यामुळे सगळं मला एकटीला ऐकावं लागतं. तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास तर निदान गल्लीतल्या तुर्सुनच्या बायकोला तरी द्यायचास. तुर्सुन पुन्हा तुझ्याकडे रशियात, ओरेनबर्गला कामावर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि थोडे सुके जर्दाळू पाठवते आहे. जर्दाळू तो वाटेत संपवेल. पत्र तरी पोचेल, ते काही खाता येत नाही.

मोठा भाऊ असून तीन वर्षं तू मूग गिळून बसलास. मी नाही बसणार.

माझी बातमी सांगते. यंदा शेवटचं वर्ष, आणि प्रबंधाला मी एक युद्धविरोधी कादंबरी घेतली आहे. नाव सांगून उपयोग नाही, तू वाचणार नाहीस. परदेशातली आहे, मी रशियनमधून वाचते. त्यात एक सुतार आहे, पूल बांधणाऱ्या पलटणीतला शिपाई. पण गोष्ट सरळ चालतच नाही. पहिल्या प्रकरणात तो म्हातारा, दुसऱ्यात नऊ वर्षांचा, तिसऱ्यात नवरदेव. आणि कुठूनही निघाला तरी त्याच एका पुलावर जाऊन पोचतो. जत्रेत लेकीला फुगा घेऊन देतो, फुगा फुटतो, आणि पान उलटलं की आपण पुलावर. त्याच्या चार पावलं पुढे दरवेळी एक पोरगा चालत असतो, आणि दरवेळी तो मरतो.

आमचे प्राध्यापक एर्किन दोम्ला म्हणाले, "लेखकाने काळ मोडलाय. तू आधी तो जोडून बघ, म्हणजे का मोडला ते कळेल." म्हणून मी कागदाच्या पट्ट्यांवर एकेक प्रकरण लिहिलं आणि अंगणातल्या लाकडी बैठकीवर जन्मापासून मरणापर्यंत ओळीने मांडलं. बाबा शेजारीच चहा पीत होते. साखरेने त्यांचे डोळे अधूच झालेत, हे तुला तुर्सुनने सांगितलं असेल. आता त्यांना माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. कागद वाऱ्याने वाजत होते म्हणून विचारलं, "पोरी, पत्ते खेळतेस की काय?"

मी त्यांना गोष्ट सांगितली. पट्ट्यांच्या क्रमाने. जन्मला, सुतारकाम शिकला, लढाईवर गेला, पूल, पोरगा मेला, परत आला, लग्न केलं, म्हातारा झाला.

बाबा म्हणाले, "असं झालं असतं तर बरं झालं असतं."

मग म्हणाले, "आता पुस्तकात आहे तसं वाच."

तेव्हापासून रोज दुपारी थोडं थोडं वाचते आहे. रशियन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण मध्ये कधी मला एखादा शब्द अडला तर सांगत नाहीत, नुसते हं म्हणतात.

पलीकडच्या घरात नवी शेजारीण आली आहे, जिझाखकडची, भलतीच चौकस. परवा पीठ मागायला आली आणि भिंतीकडे बघतच राहिली. "एक नान तर काळी ठिक्कर पडली आहे. कोण गेलंय एवढ्या वर्षांपूर्वी?" बीबीने हनुवटीनेच आपल्या लेकाकडे, बाबांकडे खूण केली. "हा. त्र्याऐंशी साली सैन्यात गेला, अफगाणिस्तानात. दारात घास घेऊन निघाला, उरलेली मी खिळ्याला लावली."

"पण ते तर खाली बसून चहा पिताहेत. परत आले की उरलेली संपवायची ना? मग अजून भिंतीवर कशी?"

"आला," बीबी म्हणाली. "पोचला नाही अजून."

बाबा हसले. तुला आठवतं ना, आपण लहान असताना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, अजून नाही. मग शेजारणीने दुसऱ्या नानबद्दल विचारलं, आणि बीबीने पिठाचं भांडं तिच्या हातात दिलं. दुसरी तुझी आहे, हे सांगायला बीबीची जीभ वळली नाही. निघताना तू इतका लहान घास घेतला होतास की उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. "एवढासा? परत यायचं नाही वाटतं?" असं बीबी म्हणाली होती, आणि तू चपला घालत राहिलास.

धूळ मीच पुसते, दोन्हींची.

बाबांना थोडा खोकला आहे. बाकी ठीक.

उत्तराची अपेक्षा न ठेवणारी, म्हणजे ठेवणारी,
मस्तुरा

---

समरकंद,
२२ जानेवारी २०१२

अका,

तुर्सुन नव्या वर्षाला येऊन गेला. म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते न उघडता खिशात घातलंस आणि त्याला चहा पाजलास. मी म्हटलं, तोंडावर काही दिसलं का? तर म्हणे, तिथे सगळ्यांची तोंडं थंडीने सारखीच दिसतात. जर्दाळूंचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

बाबांचे पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, मीठ सोडा. बीबी म्हणाली, मिठाशिवाय माणूस जगतो का. दोघांचं भांडण लागलं आणि बाबांनी मधल्या मध्ये खारवलेला टोमॅटो खाल्ला.

आज मी तुझ्या लग्नाचं लिहिणार आहे. आपल्या घरात तो विषय कोणी काढत नाही, पण मला आता गप्प राहवत नाही. मी त्या पहाटे वरच्या खिडकीत बायकांबरोबर होते, म्हणून तुला दिसलं नाही तेही मला दिसलं होतं. रीतीप्रमाणे उजाडण्याआधीच पुलावाच्या पंगती बसल्या होत्या, दारात कर्नायच्या लांब तुताऱ्या वाजत होत्या, आणि बाबा नवा चापान, तो लांब अंगरखा, घालून चहाच्या किटल्या फिरवत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. फटाके नकोत असं तू दहा जणांना बजावलं होतंस. मुलीकडच्या कोणा हौशी भावाला ते कळलं नाही, आणि त्याने दारातच माळ लावली.

बाबांच्या हातातली किटली खाली पडली. पुढचं तुला माहीत आहे. तुला खाली पाडून ते तुझ्या अंगावर पालथे पडले, तुझं डोकं ताटांच्या मध्ये दाबून धरलं आणि रशियनमध्ये ओरडत राहिले, डोकं खाली, डोकं खाली. चार जणांनी ओढलं तेव्हा सुटले. तुझा ओठ फुटला होता. मुलीचा मामा म्हणाला, "वेड रक्तात असतं. आमची पोरगी आम्हाला जड झालेली नाही." दुपारचा निकाह राहिला तो राहिलाच. तू बाबांना म्हणालास, "तुम्ही तिकडेच मेला असतात तर बरं झालं असतं." मी तोवर खाली आले होते; ते ऐकलेले बाबा, बीबी आणि मी, आम्ही तिघंच होतो. बाबा तेव्हा गालिच्यावरचा भात गोळा करत होते.

मागच्या आठवड्यात मी त्यांना ते फुग्याचं प्रकरण वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग त्यांनी विचारलं, "सुतार त्या पोराला कधीच हाक मारत नाही?"

"नाही. दरवेळी तोंड उघडतो आणि प्रकरण संपतं."

ते कपातला थंड चहा फिरवत राहिले. मग, मी काहीही न विचारता, बोलायला लागले. तिकडे अफगाणिस्तानात सालांगच्या खिंडीत लष्करी गाड्यांची रांग थांबली होती. पेत्या म्हणून एक युक्रेनचा पोरगा होता, बाबांच्याच वयाचा, म्हणजे एकोणीसचा. गाडीला टेकून मांसाचा डबा उघडत होता आणि डबा उघडेना म्हणून शिव्या देत होता. पहिला स्फोट झाला तेव्हा बाबा चाकांखाली शिरले. एकटे.

"हात लांब केला असता तर त्याची बाही हातात आली असती," म्हणाले. "तेवढा जवळ होता."

प्रबंधात 'आघात' हा शब्द मी पानोपानी लिहिला होता, पण त्यांच्यासमोर बसून तो तोंडातून निघेना. मी त्यांच्या पायावर गोधडी ओढली. आणि मग ते म्हणाले, अका, नीट वाच, मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही:

"लग्नात मात्र मी उशीर नाही केला."

हे त्यांनी लाजून म्हटलं नाही. ताठ बसून म्हटलं. आपण इतकी वर्षं समजत होतो की ते शरमेने गप्प आहेत. शरम होतीच, तुझं लग्न मोडल्याची होती, ते पाप त्यांनी कधी नाकारलं नाही. पण त्या शरमेच्या तळाशी त्यांना एक समाधानही होतं, आणि ते आपल्याला सांगणार कसं? यावेळी पोरगा वाचला होता. फटाक्यांपासून का होईना.

माफ कर असं मी म्हणत नाही. तुझा ओठ फुटला होता, माझा नाही. पण वसंतात ये. नवरोझला ये. त्यांच्यासमोर बस, काही बोलू नकोस हवं तर, तुला ते चांगलं जमतं. आणि तुझी नान संपव. तिला अजून तंदूरचा वास आहे.

त्यांचे पाय मी म्हटलं त्यापेक्षा जास्त सुजलेत.

तुझी,
मस्तुरा

---

समरकंद,
१५ मे २०१२

प्रिय इल्होम अका,

सलाम. तू खुशाल असशील. इकडे तुती पिकल्यात, सगळं अंगण जांभळं झालंय आणि बीबी माझ्या चपलांच्या नावाने ओरडते आहे. शेजारणीला मुलगा झाला. तुझ्या जुन्या सायकलला मी नवी साखळी बसवून घेतली.

प्रबंध झाला. पट्ट्यांचा तो क्रम मी शेवटी काढून टाकला. तोंडी परीक्षेत एर्किन दोम्लांनी विचारलं, "मी जोडायला सांगितलेला काळ कुठे आहे?" मी म्हटलं, "जोडला, तर पुलावरचा पोरगा एकदाच मरतो. मग उरलेलं आयुष्य सुतार असा का वागतो ते कोणालाच कळत नाही. त्याच्या लेकीलाही नाही." दोम्लांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, हे लिहिलंस त्यापेक्षा चांगलं बोललीस. पाचपैकी चार दिले.

तुती यंदा गोड आहेत. बाबा म्हणतात, तुती ताटात घेऊन खाऊ नये, झाडाखाली उभं राहून खावी.

म्हणायचे.

बाबा गेले, अका. नवरोझनंतर, मार्चच्या शेवटी, सकाळी, चहाच्या आधी. हृदय थांबलं. तुर्सुनच्या बायकोने फोन केले, तू काम बदलल्याचं कळलं, नवा पत्ता कोणाकडेच नव्हता. आपल्याकडे माती त्याच दिवशी होते, तुझ्यासाठी थांबवता आलं नाही. घरातल्या मुलाने कमरेला पट्टा बांधून दारात उभं राहायचं असतं, येणाऱ्याला छातीशी धरायचं असतं. आपल्या दारात त्यांच्या लढाईतले तीन सोबती उभे राहिले, एक तर काठीवर. डाव्या बाजूची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. कोणी तिथे उभं राहायला गेलं की काठीवाला म्हणायचा, "तिथे नको, तिथे मुलगा आहे."

तुझा नवा पत्ता तुर्सुनने आता शोधून काढला, म्हणून आज लिहिते आहे. पण तेवढंच कारण नाही. पत्ता दोन आठवड्यांपूर्वीच मिळाला होता. बाबा गेले हे तुला कुठून ना कुठून कळलंच असतं. मला लिहायला जड जातंय ते दुसरंच आहे.

नवरोझच्या दिवशी बाबा बीबीला म्हणाले, "आई, नान काढ."

बीबीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. उठली, जेवणाचा सगळ्यात चांगला दस्तरखान अंथरला, हिरवा चहा केला, केस नीट केले, आणि मग स्टुलावर चढायला लागली. मी म्हटलं मी काढते, तर हाताला चापट मारली. ती काळी नान तिने दोन्ही हातांनी उतरवली आणि बाबांच्या समोर ठेवली. रडत होती आणि म्हणत होती, "पोचलास रे, पोचलास एकदाचा."

बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला. स्वतःच्या घासापाशी आल्यावर थांबले.

"ही नाही, आई. दुसरी."

"दुसरी इल्होमची आहे."

"माहीत आहे. म्हणूनच."

बीबीचा चेहरा बघवत नव्हता. "वेडा झालास का? एकाचा घास दुसऱ्याने खाल्ला तर ज्याची नान तो घरची वाट चुकतो. पाप आहे ते."

"मला लागू दे पाप. मला आणखी काय व्हायचंय?"

बीबी हलली नाही. मग ते मला म्हणाले, "मस्तुरा, तू काढ." मी काढली. नाही म्हणू शकले असते. पण त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं होतं, तूच सांग? मी पाणी शिंपडून, जरा शेकून आणली. त्यांनी ती चहात बुडवून, तुकडा तुकडा करून, सगळी खाल्ली. दुपार गेली त्यात. तुझा तो उंदराचा घास होता ना, त्याच्या शेजारून सुरुवात केली. मध्येच म्हणाले, "पोराने घाईत घास घेतलाय."

संपल्यावर पडलेले कण त्यांनी बोटाने टिपून तोंडात टाकले आणि म्हणाले, "इल्होमला सांग, त्याचं इथे आता काही राहिलेलं नाही. भिंतीकडे बघून कोणी त्याची वाट बघायची नाही, आणि त्यानेही या घराचं ओझं बाळगायचं नाही. डोक्यावर नान टांगलेली असली की माणूस कसा जगतो ते मी जगलोय. माझ्या पोराला ते नको."

समजलं तुला? त्यांनी तुझी माफी मागितली. त्यांना दुसरी कुठली पद्धत येत नव्हती.

बीबी त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. "स्वतःची ठेवलीस आणि माझ्या नातवाची संपवलीस" एवढंच एकदा म्हणाली. पाचव्या दिवशी आपणहून त्यांचे पाय चेपत बसली. त्यानंतर लवकरच ते गेले. आता ती म्हणते की ते चार दिवस तिला कोणी परत द्यावेत. मीही रागावले होते. अजून आहे. त्यांच्यावर आणि तुझ्यावर, रोज आलटून पालटून.

बाबांनी तुला मोकळं केलं. बाप होते, त्यांना तो हक्क होता. तू न येऊन कुठली रीत मोडणार नाहीस, तुला कोणी बोल लावणार नाही. निरोप द्यायचा होता तो दिला.

पण मला तू मोकळा नको आहेस, अका.

त्यांची नान बीबीने परत खिळ्याला लावली आहे. गेलेल्या माणसाची नान कुस्करून पाखरांना घालतात. शेजारणीने तसं सुचवलं, तर बीबी तिच्या अंगावर धावून गेली. म्हणाली, "बापाने मुलाची संपवली. आता बापाची मुलगा संपवेल. हिशोब पाखरांशी नाही."

तू म्हणशील, आता येऊन काय, उशीर झाला. मी वर्षभर त्या पुस्तकाबरोबर राहिले आहे. त्यात उशीर असा कोणाला होतच नाही. सुतार सत्तरीचा होऊन पुलावर येतो, तरी तो पोरगा आपला चार पावलं पुढे, हाकेच्या अंतरावर. हे परीक्षेत बोलायला सोपं होतं. घरात रोज सकाळी अंगण झाडताना मला तो गालिचा दिसतो, सांडलेला भात दिसतो, आणि बाबा अजून तुझ्या अंगावर पालथे पडलेले दिसतात, श्वास रोखून. त्यांना उठवायला हवं, अका. तुझे खांदे दाबून धरलेल्या त्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं, की फटाकेच होते, संपले, पोरगा वाचलाय. ते मी सांगून चालणार नाही. बीबीने सांगूनही नाही.

एकोणतीस वर्षांची नान आहे. बीबी म्हणते, दोन दिवस चहात भिजवावी लागेल, आणि तरी तुझा एखादा दात जाईल. तू निघालास की तुर्सुनकडून कळव, म्हणजे मी भिजत घालते.

दारात डावीकडची तुझी जागा अजून रिकामी आहे.

मस्तुरा